सोळा तास नव्हे, चव्वेचाळीस

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आजचा विषय जरा जड आहे, पण मनात ठेवून उपयोग नाही म्हणून लिहून टाकतो.

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक गुजराती कुटुंब आहे. त्यांच्या मुलाचं न्यू जर्सीचं काम झालं. पेढे द्यायला त्याचे वडील वर आले आणि बसता बसता त्यांनी विचारलं, "काका, मुंबईथी न्यूयॉर्क केटला कलाक थाय?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "सोळा." ते खूश झाले. सोळा कलाक म्हणजे काय, रात्री बसलं की संपलं.

ते गेल्यावर मी बराच वेळ पेढा हातात धरून बसलो. थोरला तिकडे गेल्यापासून मी हाच आकडा लोकांना सांगत आलोय, आणि २०२४ च्या जानेवारीत हाच आकडा माझ्या घरात किती खोटा ठरला ते मला पक्कं माहीत आहे. तरी पुन्हा तेच सांगितलं. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने अर्धवट आकडा देऊ नये. म्हणून आज पूर्ण हिशेब देतो.

आधी नुसतं अंतर बघू. मुंबई विमानतळ ते न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ हे सरळ अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. मोठं विमान ताशी नऊशेच्या आसपास उडतं, म्हणजे भागाकाराने चौदा तास येतात. प्रत्यक्षात थेट विमान जाताना साधारण सोळा तास घेतं आणि येताना त्याहून तास-दीड तास कमी. कारण दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर.

यातलं 'सरळ' म्हणजे काय, हे मला आमच्या हिने शिकवलं. २०११ साली सुनेच्या बाळंतपणाला आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो. मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, कळण्याचं पीठ, सगळं वजन करून भरलेलं. विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा दिसत होता. ही चष्मा लावून बघत बसली आणि तासाभराने मला कोपर मारून म्हणाली, "अहो, हा चुकला वाटतं. अमेरिका पश्चिमेला ना? हा तर वर वर चाललाय, रशियात." मी म्हटलं झोप, त्याला कळतं. पण कळत मलाही नव्हतं. तिकडे पोहोचल्यावर मुलाच्या घरी पृथ्वीचा गोल होता. हिने शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, एक टोक मुंबईवर धरलं, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि ताणला. दोरा आपोआप वर सरकला. सौराष्ट्र, कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, कझाकस्तान, जवळजवळ मॉस्कोवरूनच, मग स्वीडन-नॉर्वे, आइसलँड, ग्रीनलंडचं खालचं टोक आणि कॅनडातून खाली न्यूयॉर्क. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका अशी जाते. दिसायला ती सरळ, पण त्या वाटेने अंतर होतं सुमारे १४,२०० किलोमीटर. म्हणजे दोराच शहाणा. जेमतेम सातवी शिकलेल्या बाईने माझ्यासारख्या बी.कॉम.ला हे दाखवलं.

त्याच दोऱ्याने आणखी एक गंमत कळते. वाट उत्तरेकडून जाते म्हणून आपलं सुरत न्यूयॉर्कला मुंबईपेक्षा जवळ आहे, दोनशे किलोमीटरने! सुरत-न्यूयॉर्क सुमारे १२,३२५. आणि आम्ही सचिनवाले काय करतो? गाडी काढून अडीचशे किलोमीटर उलट दिशेने मुंबईला जातो, मग विमानात बसून पुन्हा गुजरातच्या बाजूला येतो. आमच्या घरापासून सुरतचा विमानतळ वीस किलोमीटरच्या आत आहे. २०१९ मध्ये तिथून शारजाला विमान सुरू झालं, १७ डिसेंबर २०२३ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि दुबईची सेवाही सुरू झाली, वर्षभराने बँकॉकची. आनंद आहे. पण धावपट्टी आहे सुमारे २९०० मीटरची. चौदा-सोळा तासांचं इंधन भरलेलं मोठं विमान इथून उठेल असं मला माझ्या हयातीत तरी वाटत नाही. दुबई तीन तासांत आणि मुंबईचा विमानतळ गाडीने पाच-सहा तासांत, अशी आमची गत.

शिवाय दोऱ्याची वाट मोकळी असेलच असं नाही. २०१९ मध्ये पाकिस्तानने फेब्रुवारी ते जुलै हवाई हद्द बंद ठेवली होती. २४ एप्रिल २०२५ पासून आपल्या विमानांना पुन्हा बंदी आली. त्याच वर्षी १३ जूनला इराणवर हल्ले सुरू झाले, तेव्हा मुंबईहून लंडन आणि न्यूयॉर्कला निघालेली विमानं परत मुंबईला आणून उतरवली. म्हणजे लोक घरून निघून, टाटा-बायबाय करून, आकाशात फेरी मारून पुन्हा सांताक्रूझला. त्यांना कोणी विचारलं असतं किती तास, तर काय सांगितलं असतं?

आता जानेवारी २०२४.

मंगळवारी पहाटे साडेचार वाजता ही गेली. आदल्या रात्री छातीत दुखतंय म्हणाली, सुरतला दवाखान्यात नेलं, आणि पहाटे डॉक्टर बाहेर येऊन उभे राहिले. मुलगी नवसारीला असते, ती तासाभरात आली. थोरल्याला मी फोन लावला. तिकडे सोमवार संध्याकाळचे सहा वाजले होते. हिवाळ्यात साडेदहा तासांचा फरक असतो. तो ऑफिसमधून घरी येत होता. त्याने गाडी बाजूला घेतली असावी, कारण बराच वेळ नुसता आवाज येत होता गाड्या जाण्याचा. मग म्हणाला, "बाबा, थांबा. मी निघतो."

मी म्हटलं, थांबतो.

दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही हिशेब केला. मी, मुलगी, जावई. सोळा तासांचं विमान. त्यात थोडे इकडचे, थोडे तिकडचे तास. बुधवारी सकाळपर्यंत नक्की येतो. धुळ्याला, अमळनेरला फोन गेले: बुधवारी सकाळी दहा वाजता. हिला शीतगृहात ठेवलं. हा सगळा निर्णय पाच मिनिटांत झाला आणि तो 'सोळा' या एका आकड्यावर झाला.

त्या रात्रीच्या थेट विमानात जागा नव्हती. जे मिळालं ते दुबईमार्गे, आणि तेही मंगळवारी सकाळी अकराला सुटणारं, म्हणजे आपल्या मंगळवार रात्रीच्या साडेनऊला. सतरा तास तर इथेच गेले, तो अजून जमिनीवरच. तिथून दुबई तेरा तास. बुधवार सकाळचे साडेदहा. दुबईत पाच तास बसून राहणं. कोणीतरी म्हणालं, अहो आता सुरतला दुबईचं विमान येतं ना! येतं, पण त्या दिवशीच्या वेळा जुळत नव्हत्या. दुबई-मुंबई तीन तास, संध्याकाळचे साडेसहा. बाहेर पडायला एक तास. आणि मुंबई-सचिन रस्त्याने साडेपाच तास, कारण वर्सोवा पुलाजवळ ट्रकांची रांग. घराच्या दारात आला तेव्हा गुरुवारची रात्रीची एकची वेळ होती.

बेरीज करा. १७ अधिक १३ अधिक ५ अधिक ३ अधिक १ अधिक साडेपाच. साडेचव्वेचाळीस तास. आणि त्यात प्रत्यक्ष हवेत तो किती होता? तेरा आणि तीन, सोळा! माझा आकडा चुकीचा नव्हताच. फक्त उरलेले साडेअठ्ठावीस तास कोणी खात्यात धरले नव्हते.

बुधवारी सकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे हिला घरी आणलं होतं. दीडशे माणूस जमलेलं. अकरा वाजता थोरल्याचा दुबईहून फोन आला, "बाबा, मी रात्री पोहोचतो." तोपर्यंत मंगळवारी रात्री त्याने पाठवलेला तिकिटाचा फोटो कोणी नीट वाचलाच नव्हता. मी तर नाहीच. मोठे मेहुणे म्हणाले, सूर्यास्ताच्या आत व्हायला पाहिजे, आता परत शीतगृहात नेणं बरं दिसत नाही. बायका एकमेकींकडे बघत होत्या. बर्फाचं पाणी जिन्यापर्यंत आलं होतं. मी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही ठरवा, बाबा." मी ठरवलं. संध्याकाळी पाच वाजता मुलीने अग्नी दिला. त्या वेळी तो अरबी समुद्रावर कुठेतरी होता.

तेराव्यानंतर निघण्याच्या आदल्या रात्री त्याने मला एकच विचारलं, आणि आवाज चढवून नाही. "बाबा, थांबायचं नव्हतं तर मंगळवारीच का नाही केलंत? आणि छत्तीस तास थांबलात, तर आणखी आठ तास का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ना धड थांबलो, ना धड आटपलं. पूर्ण आकडा पहिल्या तासात समोर असता तर दोन्हींपैकी एक काहीतरी नीट करता आलं असतं. गुरुवारी सकाळी दहा असं सांगितलं असतं तर शीतगृह होतंच, अमळनेरची माणसं एक दिवस उशिरा आली असती, इतकंच.

आता थोडं मागचं सांगतो, म्हणजे माझा मुद्दा कळेल.

१९७८ साली मी सुरतेच्या शाखेत नोकरीला होतो आणि वडील अमळनेरला गेले. तेव्हा तारेत कोणी 'वारले' असं लिहीत नसत. "फादर सिरियस स्टार्ट इमिजिएटली." ती वाचून सगळी शाखा उठून उभी राहिली, कारण अर्थ सर्वांना माहीत होता. सकाळी सातला भावाने पोस्टात तार दिली, माझ्या हातात दुपारी दीडला आली. संध्याकाळी सहाची तापी व्हॅलीची गाडी. उधना, नंदुरबार, प्रत्येक स्टेशनावर क्रॉसिंगला थांबत रात्री दोनला अमळनेर. म्हणजे अडीचशे किलोमीटरला एकोणीस तास. माझी माय अंगणात बसलेली होती. तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं म्हणे, पोरगा आल्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. मी कधी येईन हे तिला माहीत नव्हतं. तार मिळाली की नाही हेही नाही. पण म्हणूनच तिने कोणालाही वेळ दिली नव्हती. जे आले ते बसून राहिले.

अडीचशे किलोमीटरला एकोणीस तास, साडेबारा हजारला साडेचव्वेचाळीस. अंतर पन्नासपट, वेळ अडीचपटसुद्धा नाही. हे आकडे मी पुन्हा पुन्हा मांडून बघितलेत. आमच्या पिढीची मुलं दूर गेली असं आपण म्हणतो, पण तासांत मोजलं तर मी अमळनेरपासून जितका दूर होतो त्याच्या दुपटीहून थोडाच जास्त माझा मुलगा आहे. फरक दुसराच आहे. तेव्हा आकडा नव्हता म्हणून माणसं थांबत. आता हातातल्या फोनवर आकडा आहे आणि त्याच्यावर विसंबून आपण दहा वाजताची वेळ देऊन बसतो.

त्याहून मागे जायचं तर आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवस. डॉक्टर होऊन परत आल्या आणि काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ ला, पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना लेकीसारखं ठेवून घेणाऱ्या कार्पेंटर बाईंकडे पाठवल्या गेल्या आणि पकीप्सी गावच्या दफनभूमीत ठेवल्या. तिकडच्या त्या माउलीने कोणाला विचारलं नसेल की किती तास. अग्नीला आपण नसणार हे दोन्हीकडच्यांनी निरोपाच्या वेळीच गिळलेलं असायचं. मुंबईहून न्यूयॉर्कला भारतीय विमान सुरू झालं १९६० च्या मे महिन्यात, लंडनमार्गे. त्यानंतरच 'येऊ शकतो' ही आशा जन्माला आली, आणि आशेबरोबर हा गोंधळ.

मी हे सगळं कोणाकोणाला सांगतो तेव्हा दोन प्रकारची उत्तरं येतात. एक म्हणतात, पोरांना इतकं लांब पाठवायचंच कशाला. यावर मी काय बोलणार? मीही अमळनेर सोडलंच की. सुरतेत, उधन्यात, लिंबायतला, पांडेसऱ्यात खानदेशचे जे एवढे लोक आहेत ते सगळे कोणाच्या तरी आईला अंगणात बसवूनच आलेत. आपण पोटासाठी आलो आणि पोरं हौसेसाठी गेली, असं मानायचं मला तरी जमत नाही. दुसरे म्हणतात, मुलगी होती ना, तिने दिला अग्नी, झालं ना मग. झालं. मुलीने दिला याबद्दल माझ्या मनात कणभरही किंतु नाही, तिच्या आईलाही आवडलं असतं. पण ते मुलीचा हक्क म्हणून व्हायला पाहिजे होतं, भाऊ वेळेवर आला नाही म्हणून नव्हे. तिलाही ते कळतं. तीही त्या दिवसाबद्दल बोलत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की ज्यांची मुलं लांब आहेत त्यांनी हा हिशेब धडधाकट असताना, जेवणाच्या टेबलावर बसून, मुलांसमोर मांडावा. विमानाचे तास नव्हे, दारापासून दारापर्यंतचे. थेट विमान मिळालं तर किती आणि नाही मिळालं तर किती. पासपोर्ट कुठे ठेवलाय. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड हाताशी आहे का. मुंबईहून घरी कोण आणणार. आणि मुख्य म्हणजे थांबायचं की नाही. थांबायचं असेल तर दोन दिवस थांबा, लाजायचं कारण नाही, शीतगृहं आहेत, शवपेटी भाड्याने मिळते. थांबायचं नसेल तर तेही मुलाला आज सांगा, म्हणजे तो दुबईच्या बाकड्यावर बसून "तुम्ही ठरवा" म्हणणार नाही. आपल्याकडे हा विषय काढला की "असं अभद्र बोलू नये" म्हणतात. बँकेत वारसाचं नाव लिहून घेताना ग्राहक हेच म्हणायचे. तरी आम्ही लिहून घ्यायचो.

तेव्हा मी गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर दोघांना एकत्र बसवून सांगितलं. माझ्यासाठी थांबायचं नाही. मी जाईन त्या दिवशी जो पोहोचू शकेल तो करेल, बहुतेक नवसारीच. थोरल्याने घाई करून तीन विमानं बदलत यायचं नाही. सावकाश, थेट विमानाने यावं आणि अस्थी दोघांनी मिळून तापीत सोडाव्यात. आमच्या अमळनेरची बोरी तापीलाच मिळते आणि तापी इथे येते, म्हणजे मला तेच पाणी. हे सगळं वहीत लिहून, खाली सही करून, पासबुकांच्या पिशवीत ठेवलंय.

मुलगी रडली. थोरला गप्प राहिला, मग म्हणाला, "बाबा, बघतो." मला वाटलं विषय टाळला. चार दिवसांनी तिकिटाचा फोटो आला. फेब्रुवारीत तीन आठवडे येतोय, नातवाला घेऊन. काही कारण नाही, असाच.

या वेळी मी तिकीट नीट वाचलं. थेट विमान आहे, मुंबईपर्यंत. आणायला भाचा जाईल. त्याला मी विमान उतरल्यापासून सात तास धरायला सांगितलंय, वर्सोवा पुलासकट. तळमजल्यावरच्या भाईंनाही काल खाली जाऊन आकडा दुरुस्त करून दिला.